खासगी नोकरीतला भेदभाव: कायदा कुठे आहे आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका खासगी कंपनीत अकरा वर्षं काम करणाऱ्या ताई बाळंतपणाच्या रजेवरून परतल्या. मधल्या काळात त्यांची टीम दुसऱ्याकडे गेली होती आणि पुढच्या फेरीत बढतीही त्यालाच मिळाली. त्याच ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला आडनावावरून टोमणे ऐकावे लागतात आणि त्याचं अप्रेझल दर वर्षी ‘ठीक’च्या पुढे जात नाही. त्या विचारतात, ‘संविधानात समानता आहे, मग कंपनीला ती लागू नाही का? सरकारने इतक्या वर्षांत यावर काय केलं?’

मी तीस वर्षं लेबर कोर्ट आणि इंडस्ट्रियल कोर्टात उभा राहतोय. पक्षकार पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारतात आणि माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. आपल्याकडे नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध एक असा कायदा नाही. सरकारने आधी स्वतःचे हात बांधून घेतले आणि खासगी मालकाला एकेका कारणापुरतं, सुटंसुटं धरलं. तुमच्यावर अन्याय झाला की नाही, यापेक्षा तो कोणत्या कारणाने झाला यावर तुमची वाट ठरते. म्हणून तुमची आणि तुमच्या सहकाऱ्याची वाट वेगळी आहे. हे असं का झालं, ते मागे गेल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारपासून करावी लागते. १८३३ च्या चार्टर अॅक्टच्या ८७ व्या कलमात लिहिलं होतं की, केवळ धर्म, जन्मस्थान, कूळ किंवा वर्ण यांमुळे कोणाही एतद्देशीयाला कंपनीच्या नोकरीत मज्जाव होणार नाही. कागदावर फारच छान. प्रत्यक्षात आयसीएसची, म्हणजे वरच्या सनदी नोकरीची, परीक्षा लंडनला होत असे आणि पहिला भारतीय, सत्येंद्रनाथ टागोर, त्यात निवडला गेला तो १८६३ मध्ये. या कलमातला ‘केवळ’ हा शब्द मात्र लक्षात ठेवा. तो पुढे १९३५ च्या कायद्यात आला, तिथून संविधानात आला आणि दीडशे वर्षांनी मुंबईतल्या हवाई सुंदरींना नडला.

आपल्याकडचं खरं धोरण कोल्हापुरात सुरू झालं. २६ जुलै १९०२ च्या हुकमाने शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखल्या. पण मला त्या हुकमाइतकीच गंगाराम कांबळे यांची हकिगत महत्त्वाची वाटते. ते महाराजांच्या पागेत कामाला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून बरोबरच्या नोकरांनीच त्यांना मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, शिवाय गंगारामांना हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. मालक न्यायी होता, नोकरभरतीचा हुकूम निघालेला होता, तरी हौदापाशी मार बसलाच. कामावर घेणं वेगळं आणि घेतल्यावर नीट वागवणं वेगळं, हे तिथेच दिसलं होतं.

मुंबईच्या गिरण्यांत हेच मोठ्या प्रमाणावर चालत होतं. अस्पृश्य कामगारांना साच्याखात्यात, म्हणजे विणकामाला, घेत नसत आणि पगार तिथेच जास्त होता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि दुसऱ्याचं उष्टं चालत नसे. असा नियम कुठल्याही मालकाने लिहून लावलेला नव्हता, तरी तो पाळला जात होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी आणखी एक उदाहरण दिलं. अस्पृश्य माणूस आयुष्यभर गँगमनच राहतो, पोर्टरही होत नाही, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचं काम करावं लागतं आणि मास्तरला विटाळ होतो. बढती नाकारण्याचं कारण कामात नव्हतं, घरात होतं. आजही मी अप्रेझलचे कागद वाचतो तेव्हा ‘कल्चरल फिट’ (आमच्यात बसतो की नाही) असा शब्द दिसला की मला मनमाडचा तो पोर्टर आठवतो.

१९४३ मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा ठेवल्या गेल्या. मग संविधान आलं.

संविधानाचं कलम १६ नीट वाचा. ‘राज्याच्या अखत्यारीतील’ पदावरच्या नेमणुकीत समान संधी, आणि ‘केवळ’ धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यांवरून भेदभाव नाही. राज्य म्हणजे सरकार आणि सरकारी महामंडळं. तुमची कंपनी त्यात बसत नाही. समान कामाला समान वेतन हे तत्त्व कलम ३९ मध्ये आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व, थेट कोर्टात मागता न येणारं. अपवाद एकच, आणि तो मोठा आहे. कलम १७ ने अस्पृश्यता सगळ्यांसाठीच बंद केली, मालक खासगी असो वा सरकारी. त्यावरून १९५५ चा कायदा झाला, ज्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतो. १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्यात कोणत्याही नोकरीतली आडकाठी येते. पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच झालं असं कोर्टाने गृहीत धरायचं, उलट सिद्ध करणं आरोपीवर, अशी तरतूदही त्यात आहे. पण हा फौजदारी कायदा आहे. फिर्याद, पंचनामा, साक्षीदार, सगळं आलं. वरच्या साहेबाने जातीवरून शिवी दिली तर तो उपयोगी पडतो, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही पडतो. अप्रेझलमध्ये पाचपैकी तीन गुण दिले, यावर पोलीस काय करणार?

मग खासगी मालकाला पहिला चाप कुठे बसला? इंडस्ट्रियल कोर्टात. ही गोष्ट कायद्याच्या वर्गात फारशी शिकवत नाहीत, पण आमच्या वकिलांच्या बाररूममध्ये जुनी माणसं आवडीने सांगतात. मुंबई भागातल्या औषध कंपन्यांत पॅकिंग आणि लेबलिंगला मुली असत. नियम असा की लग्न झालं की नोकरी संपली. युनियनने वाद उभा केला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘बॉम्बे लेबर युनियन विरुद्ध इंटरनॅशनल फ्रँचायझेस’ या नावाने तो १९६६ च्या निकालांच्या रिपोर्टांत सापडतो. कंपनीचं म्हणणं, लग्न झालेल्या बायका फार खाडे करतात. कोर्टाने विचारलं की विधवांना ठेवता, त्यांनाही मुलं असतात, मग लग्नाने असा काय फरक पडतो? नियम रद्द झाला. इथे मूलभूत हक्कांचा आधार नव्हता. औद्योगिक न्यायाधिकरणाला सेवाशर्ती न्याय्य आहेत का ते तपासता येतं, एवढाच आधार होता. युनियन होती म्हणून हे झालं. तुमच्या क्षेत्रात ती नाही, हा तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग आहे.

गंमत पाहा, खासगी कंपनीला जे १९६६ च्या आधी सोडावं लागलं ते सरकारने स्वतः पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवलं. परराष्ट्र सेवेत बाईला लग्नाआधी लेखी परवानगी घ्यावी लागे. सी. बी. मुथम्मा यांनी १९७९ मध्ये त्याला आव्हान दिलं, तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी सरकारची चांगलीच कानउघाडणी केली. लष्करी नर्सिंग सेवेत तर लग्न केलं म्हणून १९८८ मध्ये काढलेल्या एका अधिकारी बाईंना न्याय मिळाला फेब्रुवारी २०२४ मध्ये, साठ लाख रुपये भरपाईच्या रूपाने. छत्तीस वर्षांनी.

एअर इंडियाचं प्रकरण यातलं सगळ्यात बोलकं. हवाई सुंदरीला ३५ व्या वर्षी निवृत्ती, व्यवस्थापकीय संचालकांची मर्जी असेल तर मुदतवाढ. विमानातल्याच पुरुष पर्सरला, म्हणजे प्रवाशांची सेवा पाहणाऱ्याला, ५८. पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी गेली, पहिल्यांदा गरोदर राहिली तरी गेली. १९८१ च्या ‘नर्गेश मिर्झा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि मर्जीची मुदतवाढ रद्द केली. चार वर्षांच्या लग्नबंदीला मात्र कुटुंबनियोजनाच्या नावाखाली मान्यता दिली. आणि इथे तो १८३३ चा शब्द परत आला. संविधान ‘केवळ’ लिंगावरून भेदभावाला बंदी घालतं. लिंगाबरोबर इतरही कारणं असली तर ती बंदी लागू होत नाही, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे मालकाने बाई असण्याला शेजारी आणखी एक कारण चिकटवलं की सुटका. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या २०१८ च्या निकालात न्या. चंद्रचूड यांनी या वाचनावर टीका केली, तेव्हा कुठे ही पळवाट अरुंद झाली.

या कथेचा शेवट अजून कडू आहे. एअर इंडियाच्याच काही केबिन क्रूंनी बढती आणि वेतनातल्या अन्यायाबद्दल मुंबई उच्च न्यायालयात संविधानाच्या आधारे याचिका केल्या होत्या. त्या पडून राहिल्या. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली. कंपनी आता ‘राज्य’ उरली नाही, म्हणून याचिका चालणार नाही, असं उच्च न्यायालयाने ठरवलं आणि मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. माणसं तीच, तक्रार तीच; मालक बदलल्यावर कलम १६ हातातून गेलं. निर्गुंतवणुकीची चर्चा शेअरच्या भावावर होते, या बाजूवर कोणी बोलत नाही.

खासगी मालकाला थेट लागू होणारा पहिला मोठा कायदा समान वेतनाचा. भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा समान वेतनाचा करार १९५८ मध्ये आणि नोकरीतल्या भेदभावाचा करार १९६० मध्ये मान्य केला होता, पण कायदा व्हायला आंतरराष्ट्रीय महिला वर्ष उजाडावं लागलं. २६ सप्टेंबर १९७५ ला, ऐन आणीबाणीत, वटहुकूम निघाला आणि पुढच्या वर्षी कायदा झाला. त्याची परीक्षा मुंबईतच झाली. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ‘कॉन्फिडेन्शिअल लेडी स्टेनोग्राफर’ अशी वेगळी श्रेणी होती. काम पुरुष स्टेनोंचंच, पगार कमी. कंपनी म्हणाली, युनियनशी तसं सेटलमेंट झालंय आणि आमची आर्थिक स्थितीही बरी नाही. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑड्री डिकॉस्टा यांच्या बाजूने निकाल देताना दोन्ही सबबी फेटाळल्या. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने भरतीनंतरची बढती, प्रशिक्षण आणि बदलीही कायद्यात आली.

पळवाट मात्र सगळ्यांनी लगेच शोधली: काम तेच, नाव वेगळं. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत ठाण्याकडच्या एका कारखान्यात मी गेलो होतो. एकाच पट्ट्यावर समोरासमोर बसून पुरुष खोके भरत होते आणि बायकाही खोके भरत होत्या. हजेरीपटावर पुरुष ‘पॅकर’ आणि बायका ‘हेल्पर’. मी सुपरवायझरला फरक विचारला. तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘साहेब, नावातच आहे ना.’ मुंबईच्या चित्रपटसृष्टीत तर नावच काम ठरवत होतं. मेकअप पुरुषांनी करायचा, बायकांनी फक्त केस. संघटना बायकांना मेकअपचं कार्डच देत नव्हती. ते बंद झालं नोव्हेंबर २०१४ मध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयातून.

आता ताई, तुमच्या विषयाकडे येतो. बाळंतपणाच्या पगारी रजेचा देशातला पहिला कायदा मुंबई इलाख्याचा, १९२९ चा. १९२८ मध्ये त्या विधेयकाच्या बाजूने बोलताना आंबेडकरांनी मान्य केलं होतं की हा बोजा खरं तर मोठ्या प्रमाणावर सरकारने उचलायला हवा. पण तूर्त तो मालकावर टाकावा. ते ‘तूर्त’ अजून संपलेलं नाही. १९६१ चा केंद्रीय कायदा झाला, २०१७ मध्ये रजा १२ वरून २६ आठवडे झाली, आणि जिथे ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, लागू नाही तिथे पैसे अजून मालकाच्याच खिशातून जातात. बाई ठेवली तर खर्च आपला, असा हिशेब मालक करतो आणि भरतीच्या टेबलावरच तिला गाळतो. १९२९ नंतर गिरण्यांमधल्या बायकांची संख्या घसरत गेली त्याला यंत्रं आणि रात्रपाळीची बंदी ही कारणं होतीच, पण हेही एक होतं. माझं स्पष्ट मत आहे की रजेचा खर्च सामाईक निधीतून झाल्याशिवाय मुलाखतीतला ‘मग पुढचा प्लॅन काय?’ हा प्रश्न बंद होणार नाही.

बाकीच्या कारणांचं भराभर सांगतो. लैंगिक छळासाठी १९९७ चा ‘विशाखा’ निकाल. तो नीट पाळला जात नाही म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयात पाठपुरावा केला. २०१३ मध्ये कायदा झाला आणि दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती सक्तीची झाली. अपंगत्वासाठी १९९५ आणि मग २०१६ चा कायदा. दुसऱ्यात खासगी कंपन्यांनाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. बहुतेकांचं एकमेकांवरून उतरवलेलं असतं, एकात तर मला दुसऱ्याच कंपनीचं नाव सापडलं. एचआयव्हीचा इतिहास मुंबईचाच आहे. एका सरकारी महामंडळातल्या हंगामी कामगाराला तपासणीनंतर काढलं आणि १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला न्याय दिला. नाव जाहीर न करता, फक्त ‘एमएक्स’ या अक्षरांवर त्याला लढू दिलं, हे त्या निकालाचं मोठेपण. २०१७ चा एचआयव्ही कायदा खासगी मालकालाही बांधतो. २०१९ चा तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदाही नोकरीतल्या भेदभावाला मनाई करतो, मालक कोणीही असो.

आणि जात? धर्म? इथे तुमच्या सहकाऱ्याचं उत्तर अडतं. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या अभ्यासकांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदल फक्त नावात. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत पुढची फेरी गाठण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. त्याच सुमारास, २००६ मध्ये, मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने समान संधी आयोग सुचवला. कायदेतज्ज्ञ माधव मेनन यांच्या तज्ज्ञगटाने २००८ मध्ये विधेयकाचा मसुदाही करून दिला. उद्योगांच्या संघटना म्हणाल्या, आम्ही स्वेच्छेने आचारसंहिता करतो. आचारसंहिता झाली, मसुदा संसदेच्या पटलावर कायदा म्हणून कधीच पोचला नाही. त्यामुळे खासगी कंपनीत जातीवरून किंवा धर्मावरून बढती नाकारली, तर त्याला थेट दिवाणी दाद देणारा कायदा आज नाही.

महाराष्ट्रात मात्र एक जुनं हत्यार आहे, ज्याला आम्ही ‘युएलपी’ म्हणतो: १९७१ चा अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायदा. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली पाचवी बाब, गुणवत्ता न पाहता एका गटाला झुकतं माप देणं. त्यात जात, लिंग, कसलाच उल्लेख नाही. म्हणून ते सिद्धही करावं लागत नाही. शेजारच्याचं काम आणि तुमचं काम, त्याचा निकाल आणि तुमचा, एवढं मांडायचं. कामगार स्वतः थेट कोर्टात जाऊ शकतो, फक्त घटनेपासून नव्वद दिवसांत. अडचण ‘कामगार’ या व्याख्येची. कंपनीचा वकील पहिल्या तारखेलाच म्हणतो, हे तर मॅनेजर. म्हणून पदाचं नाव सोडा. रोज काय करता ते लिहून काढा. रजा मंजूर करता का? कोणाला कामावर घेण्याचा-काढण्याचा अधिकार आहे का? नसेल, आणि दिवसभर कोडच लिहीत असाल, तर ‘टीम लीड’ ही पाटी कोर्टाला बांधत नाही. तुमच्या सहकाऱ्याने आधी हे करावं, आणि टोमणे ज्या दिवशी, ज्यांच्यासमोर मारले गेले ते त्याच दिवशी स्वतःला ई-मेल करून ठेवावेत.

तुमच्याबाबतीत, ताई, दोन आधार आहेत. जुने केंद्रीय कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या, त्यात समान वेतनाचा कायदा वेतन संहितेत विलीन झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये संहिता लागू झाल्या. वेतन संहितेत भरती आणि सेवाशर्तींतला लिंगभेद मना आहे, पण १९८७ ला घातलेले ‘बढती, प्रशिक्षण, बदली’ हे शब्द गळले आहेत. आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात ते शब्द अजून आहेत, तेव्हा अर्जात तो कायदा नावाने लिहा. दुसरा आधार जास्त भक्कम आहे. बाई बाळंतपणाच्या रजेवर असताना तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या बाजूने बदलता येत नाहीत. हे १९६१ च्या कायद्यात होतं, सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. कंपनी म्हणेल, टीमची फेररचना तुम्ही परतल्यावर झाली. त्यामुळे बढतीचा वाद नंतर. आधी इनबॉक्समध्ये तो फेररचनेचा मेल शोधा, टीममधल्या कोणाकडे असेल तर त्याच्याकडून मागून घ्या, आणि त्याच्यावरची तारीख तुमच्या रजेच्या अर्जाशेजारी ठेवून मला कळवा.